कल्पनेला पाच तारे, नावाला शून्य

अमेरिकी संरक्षण खात्याची डीआयएमएचआरएस (DIMHRS) ही सैनिकांच्या पगार आणि नोंदींची प्रणाली. माझी अर्धी हयात पगारपत्रकं करण्यात गेली, म्हणून हिच्यासाठी जीव तुटतो. सगळ्या दलांच्या नोंदी एका जागी, कल्पना सोन्यासारखी! पण ही सहा अक्षरं सलग म्हणून बघा, जीभ अडखळतेच. २०१० मध्ये ती गुंडाळताना खुद्द संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स म्हणाले, ५० कोटी डॉलरमध्ये उच्चारता न येणारं लघुनाव तेवढं पदरात पडलं. मी पोट धरून हसले. नाव ठरवताना कोणी मोठ्याने वाचतच नाही का? त्यांच्या नौदलातलं ‘सिंकस’ हे सरसेनापतिपदाचं लघुनाव इंग्रजीत ‘सिंक अस’, म्हणजे ‘आम्हाला बुडवा’ असं ऐकू यायचं. १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर त्या पदावर आलेल्या अ‍ॅडमिरल किंग यांनी ते बदलायला लावलं.