चकलीचा हिवाळा आणि ६० वॉटचा सिरॅमिक बल्ब

आमच्या बॉल पायथनचं, म्हणजे पाळीव अजगराचं, नाव चकली. का ते तिला वेटोळं घातलेलं पाहिलं की कळतं. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. मुंबईच्या मे महिन्यात तिला हीटर नाही, उलट पंखा लागतो. प्रश्न डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींचा. आम्ही मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. पहाटे खोलीत २१ अंश. खाल्लेला उंदीर पचायला तिला तिच्या काचेच्या टाकीच्या एका टोकाला ३१-३२ अंश हवेत, दुसऱ्या टोकाला २६च्या आसपास.

आधी हीट मॅट, म्हणजे टाकीखाली घालायची विजेची गरम चटई घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, लावा आणि विसरून जा." दोन तासांनी तापमापक धरला तर काच ४६ अंशांवर! पोट भाजतंय हे सापाला वेळेत उमगत नाही, तो तसाच पडून राहतो. वर हवा मात्र गारच. दोन दिवसांत काढली.

मग हा सिरॅमिक बल्ब. उजेड शून्य, नुसती ऊब. निशाचर सापाला हेच बरं. (लाल बल्ब घेतला असता तर आमच्या बेडरूमची फोटो धुवायची डार्करूम झाली असती.) याचं बूड ई-२७ मापाचं, स्क्रूचं, आणि आपल्या घरातले होल्डर पिनवाले. प्लास्टिकचा अ‍ॅडॅप्टर लावू नका, वितळेल. मी लोहार चाळीतून, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, चिनी मातीचा होल्डर आणला. "कोंबडीच्या पिल्लांसाठी का?" असं विचारलं तिथे. मी हो म्हटलं.

बल्ब टाकीबाहेर, जाळीवर. आत ठेवलात तर साप त्याला विळखा घालणारच.

खरे पैसे घालायचे ते तापमान बघून बल्ब चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटवर. तरी एकदा चकलीनं त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) ओढून पाण्याच्या वाडग्यात पाडला. पाणी गार, म्हणून थर्मोस्टॅट बल्ब बंदच करेना. सकाळी ३९ अंश. आता प्रोब झिप टायनं जखडलाय. चिकटपट्टी आत नको, खवल्यांना चिकटते.

तक्रारी दोन. हवा कोरडी पडते. जानेवारीत कात तुकड्यांनी निघाली, तेव्हापासून ओल्या शेवाळाचा डबा ठेवते. दुसरी, थर्मोस्टॅट रात्रभर टक-टक करतो. वीज फार खात नाही. सलग १७ तास चालला तर एक युनिट, पण आईला मीटर दाखवल्याशिवाय पटलं नाही.

हे वाचून कुणाला धामण पाळावीशी वाटली तर आवरा, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. बॉल पायथनचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

बल्बला चार तारे, थर्मोस्टॅटला पाच. मॅटला सापासाठी एक. पण थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आईनं ती धुऊन-पुसून घेतली, वर जाड टॉवेल, त्यावर पातेलं. तिचे पाच तारे तिनं दिलेत.