नको असलेली जार: एक्सक्लूजन, प्रोव्हायडेड की एन्फोर्सर?

कॉमन्स-लॉगिंग ही लॉग लिहिणारी जावा लायब्ररी. आपण ती पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलच्या सेटिंग फाइलमध्ये) लिहीत नाही, तरी तिची जार, म्हणजे जावा क्लासेसची बांधलेली फाइल, येते. वेबवर कॉल करणारी एचटीटीपीक्लायंट ४ ही लायब्ररी घेतली की त्याच्या मागोमाग आलीच. लॉगिंगसाठी एसएलएफफोरजे ही दुसरी लायब्ररी आणि कॉमन्स-लॉगिंगच्या जागी बसणारी जेसीएल-ओव्हर-एसएलएफफोरजे ठेवली असेल, तर लॉगफॅक्टरी नावाचा क्लास दोन जारमध्ये सापडतो. क्लासपाथवर (जावा ज्या यादीत क्लास शोधतं तिथे) जी जार आधी, तिचा चालतो. त्यामुळे तोच कोड एका सर्व्हरवर नीट लॉग लिहितो, दुसऱ्यावर गप्प.

मेव्हनमध्ये सरळ उपाय म्हणजे एक्सक्लूजन, म्हणजे ती जार वगळणं. डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुणामुळे आली त्याची यादी) काढायची, जार कुठून आली ते बघायचं, त्या डिपेंडन्सीखाली चार ओळी टाकायच्या. एखाद-दुसऱ्या ठिकाणी प्रश्न असेल तर यापुढे जायची गरज नाही. पण एक्सक्लूजन फक्त त्या वाटेपुरतं असतं. उद्या कुणी नवी लायब्ररी जोडली की तीच जार दुसरीकडून आत, आणि बिल्ड हिरवाच. ३.२.१ पासून तारांकन टाकून सगळंच वगळता येतं, पण मग खरोखर लागणारं एकेक हाताने लिहीत बसा.

प्रोव्हायडेडची युक्ती आळशी पण चलाख आहे. कॉमन्स-लॉगिंग पॅरेंट पॉममध्ये (सगळ्या मॉड्यूलच्या सामायिक पॉममध्ये) प्रोव्हायडेड स्कोपने, म्हणजे ‘चालताना ही बाहेरून मिळेल’ असं सांगून, जाहीर करायची. जवळची नोंद जिंकते, त्यामुळे ती वॉरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर टाकायच्या फाइलमध्ये, जात नाही. मात्र कंपाइल आणि टेस्टच्या क्लासपाथवर ती राहतेच. म्हणजे टेस्ट एका जारवर पास होणार आणि प्रॉडक्शन दुसऱ्यावर चालणार. मला हे पटत नाही.

एन्फोर्सर प्लगइनचा बॅन्ड-डिपेंडन्सीज नियम काहीच काढत नाही, नुसता अडवतो. व्हॅलिडेट फेजलाच बिल्ड पडतो, ट्रान्झिटिव्ह, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीमागून आलेली, जारसुद्धा सुटत नाही. पहिल्या दिवशी टीम वैतागते खरी. तरी पाच-सहा मॉड्यूलच्या वर प्रोजेक्ट असेल तर एक्सक्लूजन अधिक एन्फोर्सर, हीच जोडी घ्या.

ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल वापरणाऱ्यांचं सोपं आहे: सगळ्या कॉन्फिगरेशनना एकच एक्सक्लूड, किंवा त्याहून बरं म्हणजे सबस्टिट्यूशन. कॉमन्स-लॉगिंग मागितली की जेसीएल-ओव्हर-एसएलएफफोरजे द्यायची. नुसतं वगळलं आणि बदली जार द्यायला विसरलात, तर कंपाइलला काही कळणार नाही. नोक्लासडेफफाउंडएरर (क्लास सापडला नाही) येईल तो चालू ॲपमध्ये, एचटीटीपीक्लायंट पहिल्यांदा वापरायला गेल्यावर.