इंजिन घरीच बदलायचंय: तेच आणावं, आहे ते बांधावं, की मोठं टाकावं?

इंजिन थकलं की घरी काम करणाऱ्यासमोर तीन वाटा असतात. त्याच मॉडेलचं दुसरं, वापरलेलं पण धडधाकट इंजिन आणून बसवायचं. आहे तेच उतरवून, उघडून नव्याने बांधायचं. किंवा एवीतेवी उतरवतोच आहोत तर जास्त ताकदीचं टाकायचं. बहुतेक जण इथे हॉर्सपॉवर मोजत बसतात. मी म्हणेन, जोड मोजा. माउंटिंग, गिअरबॉक्स, ॲक्सल, वायरिंग, पेट्रोलची लाइन, रेडिएटरचे होज, सायलेन्सर, एसीचा कंप्रेसर: इंजिन गाडीला इतक्या ठिकाणी धरलेलं असतं. जो जोड आहे तसा जुळतो तो तासाभरात होतो. जो जुळत नाही तो आठवडे खातो.

पण त्याआधी इंजिन खरंच गेलंय का, ते बघा. सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळायला हवं, आणि सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी दाखवला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) झिजलाय, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सील करणारा थर) बघा. माझ्या एका गाडीत दुसरा आणि तिसरा सिलिंडर दोन्ही सारखेच खाली होते. मी इंजिन उतरवायच्या तयारीला लागलो होतो, उचलायचा हॉइस्टसुद्धा मागून आणला होता. मग लक्षात आलं की शेजारशेजारचे दोन एकदम पडलेत म्हणजे मधली गॅस्केटची पट्टी जळली असणार. हेड उघडलं तर बरोबर तिथेच, बोटभर काळी खूण. हेडचं फेसिंग करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करून, नवी गॅस्केट टाकली आणि इंजिन जागचं हललंसुद्धा नाही. तीन वाटांचा विचार करण्याआधी ही चौथी तपासून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता पहिली वाट, तेच इंजिन. घरच्या गॅरेजात पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला मी हीच सुचवतो. सगळे जोड जुळतात, इमोबिलायझर (किल्ली ओळखणारं चोरीविरोधी यंत्र) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जुनेच राहतात, आणि अडलं तर शेजारी पडलेलं जुनं इंजिन बघून उत्तर मिळतं. फक्त 'तेच' म्हणजे इंजिनाचा कोड तोच, नुसतं मॉडेलचं नाव नव्हे. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) सेन्सरच्या चाकाचे दात बदलतात, थ्रॉटलची केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल येतो. घेताना ऑइलचं झाकण उघडून खाली बोट फिरवा: दुधाळ चिकटा असेल तर पाणी शिरलेलं असू शकतं, काळा डांबरासारखा थर असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठेही अडलं तर ते इंजिन घेऊ नका.

आणि इंजिन जमिनीवर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून टाका. सील ही अगदी किरकोळ वस्तू. पण नंतर ते गळू लागलं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

गिअरबॉक्स जुळवण्यापाशी जरा थांबतो, कारण तिन्ही वाटांवर हा क्षण येतोच. इंजिन आणि गिअरबॉक्स पोकळ डॉवेल पिनांवर बसतात आणि हातानेच एकमेकांना टेकायला हवेत. बोटभर फट राहिली की बोल्ट लावून ओढून घ्यायचा मोह होतो. ओढू नका. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट मध्यावर नसेल किंवा मध्ये एखादी वायर अडकली असेल. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा, तेलाने ताकद पोचवणारा डबा) गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसलेला नसतो. तो फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने 'टक्' करून आत सरकतो, आणि शेवटचा टप्पा राहिला असताना बोल्ट आवळले तर गिअरबॉक्सचा पंपच फुटतो.

दुसरी वाट, आहे ते बांधणं. हिच्यात जोडांचा प्रश्नच नाही, सगळे कष्ट आत आहेत. उघडणं, धुणं, मोजणं, पुन्हा जोडणं घरी होतं. बोअर मारणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचं फेसिंग मशीन शॉपवरच करावं लागतं, आणि तिथली रांग तुमच्या हातात नसते. मोजमाप मात्र स्वतः करा. पिस्टन रिंगची फट साधारणपणे बोअरच्या २५० व्या हिश्शाएवढी धरतात, म्हणजे ८० मिलिमीटरच्या बोअरला ०.३२ मिलिमीटर. शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. बेअरिंगची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. तिथे बोटाचा अंदाज चालत नाही आणि धुळीचा एक कणही चालत नाही. ठरावीक कोनात फिरवून आवळायचे, आवळताना ताणले जाणारे बोल्ट एकदा काढले की बदलायचेच.

ही वाट कुणी घ्यावी? ज्याची गाडी जुनी, मूळ इंजिनासकट जपलेली आहे. ज्याला दुसरं चांगलं इंजिन मिळतच नाही. किंवा ज्याला इंजिन आतून शिकायचंच आहे, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तरी घर अडत नाही. एकुलत्या गाडीवर हा प्रयोग करू नये.

तिसरी वाट सगळ्यांत मोहाची, आणि तिच्यात पुन्हा तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे त्याच घराण्यातलं मोठं इंजिन. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये आधी १.६ लिटरचं इंजिन होतं, पुढे त्याच पिढीत १.८ आलं. ते जुन्या गाडीत जवळजवळ त्याच जागी बसतं. तरीही १.६ च्या गाडीचा मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) नाजूक आहे, म्हणजे कमकुवत दुवा एक घर मागे सरकला. दुसरी पायरी, त्याच कंपनीचं पण वेगळ्या घराण्याचं. होंडाची डी आणि बी सिरीज एका दिशेने फिरते, के सिरीज उलट दिशेने. जुन्या सिव्हिकमध्ये के टाकायचं तर गिअरबॉक्स, माउंटिंग, ॲक्सल, सायलेन्सर, सगळंच वेगळं. तिसरी पायरी, पूर्ण परकं इंजिन. १९९७ साली आलेलं जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं एलएस१ यासाठी लोकप्रिय झालं, कारण ते ॲल्युमिनियमचं आहे आणि कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने आकारमानाच्या मानाने आटोपशीर आहे. पण बॉनेटखाली मावलं म्हणजे बसलं असं होत नाही. ऑइलचा संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीच्या आडव्या तुळईला, लागतो, स्टिअरिंगचा दांडा मॅनिफोल्डला घासतो.

सगळ्यांत जास्त लोक अडकतात ते वायरिंगमध्ये. इंजिन जागेवर बसून आठ दिवसांत उभं राहतं आणि पुढे वर्षभर सुरू होत नाही, असे प्रकल्प मी जवळून पाहिलेत. मोठं इंजिन घेणार असाल तर त्याची पूर्ण वायरिंग, ईसीयू, किल्ली आणि ॲक्सिलरेटरचं पेडल एकाच गाडीतून घ्या. वायरिंग कापून दिलेलं इंजिन घेऊ नका. शिवाय ताकद वाढली की ब्रेक आणि रेडिएटर आधी वाढवायचे, इंजिन नंतर. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर असतो, तिथे बदल मान्य होणार की नाही हे स्पॅनर उचलण्याआधी विचारून या.

टर्बो किट लावून आहे त्याच इंजिनाची ताकद वाढवावी का, हेही काही जण मला विचारतात. साध्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) बहुधा १० किंवा त्याच्या वर असतो, जुन्या टर्बो इंजिनांचा ८.५-९ च्या आसपास. नीट ट्यूनिंग न करता बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढवला तर नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन बेताल पेटून, पिस्टन फुटतात. थकलेल्या इंजिनावर तर मुळीच नको.

उचलण्याचा हॉइस्ट कुठल्याही वाटेवर लागेल. त्याची दांडी पूर्ण लांबवली की क्षमता पार उतरते, दोन टनांचा हॉइस्ट बहुधा अर्ध्या टनावर येतो. लटकत्या इंजिनाखाली हातसुद्धा घालायचा नाही. बॅटरी आधी सोडा, पेट्रोलच्या लाइनमधला दाब आधी काढा.

माझं विचाराल तर गाडी रोजची असेल तेव्हा मी तेच इंजिन आणतो. हौसेची दुसरी गाडी असेल तर त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनापर्यंत जातो, त्यापुढे नाही. आणि कुठलंही बसवलं तरी पहिल्यांदा किल्ली फिरवताना इग्निशन आणि इंजेक्टर सोडून ठेवतो, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवतो, मगच इंजेक्टर आणि प्लगच्या वायरी जोडतो.