तिरक्या काचेची भिंत आणि रेव्हिट: सात महिने वापरून

सात महिने झाले, पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका ऑफिस बिल्डिंगची लॉबी रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतींची थ्रीडी मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतोय. लॉबीची पुढची काच ३० फूट उंच, ६० फूट रुंद आणि वर जाताना १८ अंश आत झुकलेली. सुरुवातीला मी आपली सरळ कर्टन वॉल (चौकटीत बसवलेल्या काचांची भिंत) काढली आणि तिला कशी वाकवायची हे शोधत बसलो, दीड दिवस गेला. मग सीनिअर मॅडम म्हणाल्या, अरे ती भिंत नाहीये, छप्पर आहे. मला वाटलं चेष्टा करतायत.

पण खरंच तसंच आहे. रूफ टूल घ्यायचं, टाइप स्लोप्ड ग्लेझिंग (तिरकी काच) निवडायचा, मग ग्रिड (काचेच्या विभागणीच्या रेघा), मलियन (काचांमधल्या चौकटीच्या पट्ट्या), पॅनल (काचेचे तुकडे) सगळं कर्टन वॉलसारखंच मिळतं. आणि विचार केला तर बरोबरच आहे, कारण तिकडच्या आयबीसी या बांधकाम नियमावलीतही उभ्या रेषेपासून १५ अंशांहून जास्त कललेली काच स्लोप्ड ग्लेझिंगमध्येच धरतात, फुटली तर खालच्या माणसाच्या डोक्यावर येणार ना! आमची १८ होती, म्हणजे कोडच्या हिशोबानेही ती साधी भिंत नव्हतीच.

आता माझा गाढवपणा ऐका. रूफचा स्लोप आडव्या रेषेपासून मोजतात, मी झोकात १८ टाकले आणि काच गोठ्याच्या पत्र्यासारखी आडवी पसरली. टाकायचे होते ७२. आणि शेजारची भरीव भिंत, जिला २०२१ च्या व्हर्जनपासून तिरकं करता येतं, तिचा कोन उभ्या रेषेपासून, तिथे १८च. एकाच मॉडेलमध्ये एकाच उताराला दोन आकडे, मी मॉनिटरला चिठ्ठीच चिकटवून ठेवलीय.

दुसरं म्हणजे एवढ्या उभ्या उताराचं रूफ फूटप्रिंटने, म्हणजे प्लॅनमध्ये बाह्यरेषा आखून, काढू नका. प्लॅनमध्ये रेघ १ इंच सरकली की वरची कड ३ इंच वरखाली होते, आणि हे आम्हाला स्टीलवाल्यांचं ड्रॉइंग जुळेना तेव्हा कळलं. सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) जाऊन एक तिरकी रेघ मारून रूफ बाय एक्स्ट्रूजन केलं, म्हणजे ती रेघ रुंदीभर ओढून छप्पर केलं, की दोन्ही टोकं आपल्या हातात राहतात, ३१ फूट साडेसहा इंचांची रेघ, संपलं. तेव्हापासून मी दुसऱ्या पद्धतीने केलेलंच नाही.

शेड्यूल, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या मापांच्या याद्या, मात्र बघा हं. ही काच भिंतींच्या यादीत दिसत नाही, रूफच्या यादीत जाते, तर आमच्या वॉटरप्रूफिंगच्या आकड्यात जवळजवळ १९०० चौरस फूट काच जाऊन बसली होती, चूक आमचीच, टाइपवर फिल्टर लावायला हवा होता.

कोपऱ्याचं काय तर बाजूची उभी त्रिकोणी कर्टन वॉल एडिट प्रोफाइलने (भिंतीचा आकार बदलायच्या टूलने) जमते, पण तिरकी आणि उभी काच जिथे भेटतात तिथे कॉर्नर मलियन आपोआप बसत नाही. तिथे एका बाजूचं मलियन उडवून वेगळी फॅमिली (रेव्हिटमधला स्वतः बनवलेला घटक) केली, आणि कोन बदलला की ती अजूनही मलाच जाऊन हाताने फिरवावी लागते, गेल्या महिन्यात तीनदा फिरवली.