‘न्यूरोपेप्टाइड थेरपी’च्या नावाखाली अर्धशिशीच्या रुग्णांची लूट : कोल्हापूरकरांनो, सावध राहा

आमच्या वहिनींना अर्धशिशीचा त्रास फार जुना. एकदा डोकं उठलं की उजेड सोसत नाही, उलट्या होतात, दार-खिडक्या लावून पडून राहायचं. डॉक्टरांनी रोजची प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुरू केल्यापासून बरंच आटोक्यात आलं होतं. अशात मंगळवार पेठेतल्या एका हॉलमध्ये ‘मोफत मेंदू तपासणी शिबिर’ लागलं आणि शेजारणीसोबत त्या तिथं गेल्या. १८,६०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे चालू गोळी बंद झाली.

तपासणी म्हणजे काय, तर पितळी रॉड मुठीत धरायचा, वायर लॅपटॉपला जोडलेली, मिनिटभरात रंगीत रिपोर्ट. पांढरा कोट घातलेला माणूस म्हणाला, “ताई, तुमचा सबस्टन्स पी वाढलाय, सीजीआरपी तर दुप्पट आहे. गोळ्यांनी हे दबतंय फक्त. त्या आजपासून बंद करा, आमचे न्यूरोपेप्टाइडचे थेंब चालू करा.” घरी आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, लई शिकलेला माणूस हाय ओ. सगळं नेटवर बघितलं, खरंच हाय ते.”

नेटवर ते खरंच आहे, आणि लोक फसतात ते इथंच. मी राजारामपुरीत औषधांच्या दुकानात काम करतो, त्यामुळं हे शब्द माझ्या ओळखीचे. न्यूरोपेप्टाइड म्हणजे मज्जापेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. सबस्टन्स पी १९३१ मध्ये सापडला, वेदनेचे निरोप पोचवण्यात त्याचा हात असतो. एन्केफॅलिन १९७५ मध्ये सापडलं, ते शरीराचं स्वतःचं वेदनाशामक. ओरेक्सिन माणसाला जागं ठेवतं; ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, माणसाला दिवसाढवळ्या झोपेचे झटके येतात. आणि अर्धशिशीत चेहऱ्याच्या व डोक्याच्या मज्जातंतूंच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं न्यूरोपेप्टाइड बाहेर पडतं, रक्तवाहिन्या फुगतात, ठणका वाढतो. त्याला अडवणारी इंजेक्शनं अमेरिकेत २०१८ पासून मंजूर आहेत. म्हणजे त्या माणसाचा एकही शब्द बनावट नव्हता. बनावट होता तो रॉड आणि ती बाटली.

सीजीआरपी रक्तात इतकं कमी असतं आणि इतक्या लवकर मोडतं की ते मोजायला रक्त काढून खास प्रयोगशाळेत न्यावं लागतं, तेही बहुतेक संशोधनासाठीच. हातात धातू धरून ते कळूच शकत नाही. पैसे परत मागायला गेलो तेव्हा मी स्वतः रॉड धरला. पहिल्यांदा खरं वय सांगितलं, मग म्हटलं, तीस वर्षं वाढवून टाका आणि परत काढा. तीच मूठ, तोच लॅपटॉप, पाच मिनिटांचं अंतर, आणि दुसऱ्या रिपोर्टात मेंदू, गुडघे, साखर, सगळं बिघडलेलं! ते दोन्ही कागद मी जपून ठेवलेत.

आता थेंब. पेप्टाइड तोंडावाटे घेतलं की पोटातले आणि आतड्यातले पाचकरस त्याचे तुकडे करतात, जसे डाळीतल्या प्रथिनांचे करतात. म्हणून तर इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. आपल्याकडं गोठेवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून ऑक्सिटोसिनचा जो बेकायदा वापर होतो तो सुईनं होतो, कुणी पेंडीत कालवत नाही. ऑक्सिटोसिनही न्यूरोपेप्टाइडच, नऊ अमिनो आम्लांचं. मोजकी पेप्टाइडं गोळीतून देता येतात, पण मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइड या पेप्टाइडच्या गोळीत शोषणासाठी वेगळं रसायन घालूनही जेमतेम एक टक्का रक्तात पोचतं. आणि वहिनींच्या बाटलीवर घटक काय होते? ब्राह्मी, अश्वगंधा, ग्लिसरीन. पेप्टाइडचं नावसुद्धा नाही. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर दाखवून तो माणूस ‘सरकारमान्य’ म्हणत होता. तो नंबर खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्याचा असतो, रोग बरा होण्याचा दाखला नसतो.

गोळी एकदम तोडल्यामुळं वहिनींची छाती धडधडायला लागली, बीपी वाढलं आणि डोकं असं उठलं की रात्री दवाखाना गाठावा लागला. प्रोप्रॅनोलॉल हळूहळू कमी करतात, एका दिवसात सोडत नाहीत. हृदयविकार असलेल्या माणसाच्या तर जिवावर बेतू शकतं. पैशाचं मी एक वेळ सोडून देईन, हे नाही.

पावती साध्या कागदावर होती, ‘नोंदणी शुल्क’ एवढंच लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयनं एका खासगी खात्यावर गेले होते, तोच आता आमचा पुरावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या ‘डॉक्टर’चं नाव सापडलं नाही. बाटली, रिपोर्ट, पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज दिलाय आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीय. तुमच्याकडं असं काही असेल तर बाटली फेकू नका, लेबलसकट ठेवा.

आता गडहिंग्लज भागात तशीच पत्रकं वाटली जाताहेत. संस्थेचं नाव बदललंय, फोटोतला रॉड आणि मजकूर तोच. तिकडं कुणी नातेवाईक असतील तर आजच फोन करा, आणि कुणी चालू गोळ्या बंद केल्या असतील तर पैशाचं नंतर बघू, आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवा.