2000 कट आणि एक लाल ड्रेस

आमच्या हौशी नाट्यसंस्थेची यंदाची एकांकिका दारूने पोखरलेल्या एका घरावर आहे, आणि तालमी सुरू झाल्यापासून एकच अडचण पुन्हा पुन्हा येत होती. नशा दाखवायची म्हटले की नट झोकांड्या खाऊ लागतो आणि समोर बसलेले लोक हसतात. यावर काही उपाय मिळतो का, हे पाहण्यासाठी मी डॅरन अ‍ॅरोनॉफ्स्की यांच्या ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ या 2000 सालच्या चित्रपटाची डीव्हीडी मागवली. चित्रपट पूर्वी पाहिलेला होता. मला हवे होते ते त्यासोबत दिलेले पडद्यामागचे चित्रण आणि निवेदन, म्हणजे चित्रपट चालू असताना तो बनवणाऱ्यांनी त्यावर केलेले भाष्य, त्यामुळे हे परीक्षणही मुख्यतः त्याचेच आहे.

आधी तक्रार. डीव्हीडी कोणत्या देशांत चालावी हे ठरवणारा ‘रीजन’ क्रमांक तिच्यावर असतो, आणि विक्रेत्याने पाठवलेली प्रत अमेरिकेच्या रीजन 1 ची निघाली. भारतातले प्लेअर रीजन 5 चे असल्याने घरच्या प्लेअरने ती डिस्क सरळ बाहेर ढकलली. शेवटी संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलून ती चालवावी लागली, आणि असा बदल केवळ पाच वेळाच करता येत असल्याने त्यातला एक या खरेदीपायी खर्च झाला. घेणाऱ्यांनी रीजनबरोबर आवृत्तीही तपासून घ्यावी. अमेरिकेत या चित्रपटाला ‘एनसी-17’ हे सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळाले, त्याविरुद्धचे अपील फेटाळले गेले आणि वितरकाने तो प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित केला; व्हिडिओवर मात्र काटछाट केलेली एक आवृत्तीही आली. ती घेण्यात काही अर्थ नाही.

ह्यूबर्ट सेल्बी ज्युनिअर यांच्या 1978 च्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागातल्या चार माणसांचा आहे. तिघे तरुण हेरॉइनच्या, तर एकाची विधवा आई वजन कमी करण्याच्या गोळ्यांच्या आहारी जाते. उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा अशा तीन भागांत कथा उतरत जाते. वसंत ऋतू येतच नाही.

डिस्कवर दिग्दर्शक आणि छायाचित्रकार मॅथ्यू लिबाटिक यांची दोन स्वतंत्र निवेदने आहेत. मला त्यांतले छायाचित्रकाराचे अधिक उपयोगी वाटले, कारण तो भावनेपेक्षा यंत्राबद्दल बोलतो. नटाच्या अंगाला पट्ट्यांनी कॅमेरा बांधून त्याचे तोंड नटाच्याच चेहऱ्याकडे ठेवायचे, म्हणजे माणूस चालू लागला की चेहरा चौकटीत स्थिर राहतो आणि मागचे जग डुचमळते. या ‘स्नॉरिकॅम’ने झोकांडीचा प्रश्न इतका सोपा केला आहे की मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. नट सरळ चालतो आणि भोवळ आपल्याला येते.

नशा घेण्याची कृतीही कुठे सलग दिसत नाही. क्षणभराची जवळची दृश्ये एकामागून एक आदळतात, शेवटी डोळ्याची बाहुली विस्फारते, आणि प्रत्येक दृश्याला स्वतःचा आवाज असतो. त्या काळच्या साधारण चित्रपटात सहाशे-सातशे कट, म्हणजे एका दृश्यतुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या असत, इथे सुमारे 2000 आहेत. मी सोलापूरच्या पूर्वभागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. खिडकी उघडी असताना हे तुकडे पाहत होतो, तेव्हा बाहेरच्या यंत्रमागाची खटखट आणि पडद्यावरचे कट काही क्षण एकाच तालात पडले. कामगाराला माग जसा ओढत नेतो तसाच हा ताल माणसाला ओढून नेतो, हे मला निवेदनापेक्षा त्या योगायोगाने अधिक नेमके समजले.

निर्मितीवरचा अर्ध्या तासाहून थोडा मोठा माहितीपट मात्र विस्कळीत आहे. सेटवरची धावपळ भरपूर दिसते, पण एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळत नाही. मुलगा झालेल्या जेरेड लेटो यांनी भूमिकेसाठी सुमारे 25 पौंड वजन घटवले, याची चर्चा सगळीकडे होते. माझ्या मते खरे कष्ट एलन बर्स्टिन यांचे आहेत. लाल ड्रेसमध्ये मावू पाहणाऱ्या आईच्या भूमिकेसाठी त्यांनी आधी 40 आणि पुढे 20 पौंडांचा जाडीचा पोशाख अंगावर वागवला, शिवाय वेगवेगळे टोप आणि नकली मानही. त्यांच्या एकाकीपणाच्या स्वगताच्या वेळी कॅमेरा किंचित चौकटीबाहेर सरकला. दिग्दर्शक चिडला, तेव्हा कळले की लिबाटिक रडत होते आणि त्यांच्या अश्रूंनी कॅमेऱ्यातून पाहायची काच (आयपीस) धूसर झाली होती. तोच टेक चित्रपटात ठेवला आहे. या भूमिकेसाठी बर्स्टिन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

बर्स्टिन यांनी घेतलेली सेल्बी यांची मुलाखत ही या डिस्कवरची सर्वांत शांत आणि सर्वांत जड गोष्ट आहे. क्षयाने फुप्फुसाचा भाग गमावलेला, वेदनाशामकांतून हेरॉइनकडे गेलेला आणि त्यातून बाहेर आलेला हा लेखक स्वतःच्या पात्रांविषयी एकदाही उपदेशाच्या सुरात बोलत नाही. चित्रपटात तुरुंगातल्या पहारेकऱ्याच्या छोट्या भूमिकेतही तो दिसतो, हे मला या डिस्कमुळेच कळले.

1200 रुपये आणि रीजनचा मनस्ताप धरूनही खरेदी मला महाग वाटली नाही, मात्र केवळ चित्रपट पाहायचा असेल तर इतका खटाटोप करू नये. संस्थेतल्या मुलांना मी चित्रपट न दाखवता फक्त निवेदने आणि मुलाखत ऐकवली. आमच्या एकांकिकेतली आई पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची दिसते, हे त्यांच्यापैकी एकीच्या लगेच ध्यानात आले. तिच्या कमरेला आम्ही चार टॉवेल गुंडाळत होतो. कालच्या तालमीत तिसऱ्या प्रवेशाआधी त्यातले दोन काढले, आणि ती विंगेतून आत आली तेव्हा कोणी हसले नाही.