व्यसनी माणसाला मनाविरुद्ध दाखल करायचंय: डॉक्टरांमार्फत की मॅजिस्ट्रेटमार्फत?

"कोर्टाची ऑर्डर आणली की सहा महिने आत ठेवतात," या समजुतीनं वकील गाठू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मानसिक स्थितीलाही लागू आहे. पण त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं जास्तीत जास्त दहा दिवस मिळतात, डॉक्टरांच्या वाटेनं तीस. म्हणून आमच्या मते आधी डॉक्टरांच्या वाटेचा, म्हणजे कलम 89 चा प्रयत्न करावा.

तिथे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीनं, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसानं करायचा. रुग्णानं आधी कुणाला नेमलं नसेल तर बायको, आई, भाऊ असं कुणीही नात्यातलं चालतं. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी वेगवेगळं तपासायचं; त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. स्वतःला इजा करण्याचा धोका, दुसऱ्यावर हात उचलणं किंवा तशी भीती घालणं, नाहीतर स्वतःकडे बघणंही जमू नये अशी अवस्था, यातलं एक तरी हवं. शिवाय उपचाराचा निर्णय त्याला स्वतः घेता येत नसावा. नशा उतरून ही क्षमता परत आली, की महिना भरायच्या आतही त्याला मनाविरुद्ध ठेवता येत नाही. तीस दिवसांपुढे जायचं तर कलम 90: दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी.

ही वाट अडते ती माणूस डॉक्टरसमोर यायलाच तयार नसतो तेव्हा. मग कलम 100 खाली पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला ताब्यात घेऊन 24 तासांत सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. मॅजिस्ट्रेटसमोर आणल्यास कलम 102 खाली तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश होऊ शकतो. अहवाल आल्यावर पुढे पुन्हा कलम 89 च.

मोघम भाषेमुळे अर्ज पडू शकतो. "दारू पिऊन नेहमी त्रास देतो" यात धोका दिसत नाही. "12 तारखेला रात्री अकरा वाजता विळा घेऊन आईच्या अंगावर धावला, शेजाऱ्यांनी सोडवलं" असं लिहा. सोबत एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या पोलीस नोंदीची) प्रत आणि जुनं डिस्चार्ज कार्ड लावा.

अर्ज लिहायला खासगी वकीलच हवा असं नाही. अर्जदार बाई असेल तर उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, हेल्पलाइन 15100. मंडळापुढे वाद गेला किंवा दाखल करण्यालाच आव्हान मिळालं, तर मात्र या कायद्यात काम केलेला वकील बघा.

घरगुती हिंसाचार कायदा, 2005 खाली त्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेश मिळू शकतो, पण त्यानं उपचार होत नाहीत. मार खाणाऱ्या बाईनं तो अर्ज तरीही करावा, दोन्ही एकाच वेळी चालतात.

आणि एक कळकळीनं सांगतो: आदेशाची वाट बघत त्याला खोलीत कोंडू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या केंद्रांनाही फोन करू नका. वर सांगितलेल्या दोन तज्ज्ञांच्या तपासणीशिवाय तसं डांबणं बेकायदा आहे. कुठल्याही केंद्रात दाखल करण्याआधी त्याचा नोंदणी दाखला बघायला मागा.